दिवेलागणीची तबकडी

आमच्याकडे भांडं वाजवून बघितल्याशिवाय कोणी विकत घेत नसे आणि वाजवून दाखवल्याशिवाय बापू ते विकत नसत. वाशीमच्या पेठेत माझ्या वडिलांचं, बापूंचं, तांब्यापितळेचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. गिऱ्हाईक आलं की बापू तांब्या डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरत आणि उजव्या हाताच्या नखानं काठावर टिचकी मारत. मग दोघंही, बापू आणि गिऱ्हाईक, मान तिरपी करून ऐकत राहायचे. आवाज लांबला तर माल चोख. मध्येच बसला तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे असं समजायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून लग्नाची भांडी न्यायला बायका यायच्या, त्या तर एकेका घागरीला चार-चार टिचक्या मारायच्या आणि बापूंच्या तोंडाकडे न बघता घागरीकडेच बघत ऐकायच्या. त्यामुळे दुकान उघडं असेपर्यंत घरात मोठ्यानं बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, असा आमच्याकडे कायदाच होता. मी पुढे जी फजिती सांगणार आहे तिचं मूळ या कायद्यात आहे.

दुसरा कायदा जेवणाचा. आम्ही जैन, त्यामुळे सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकायची. दिवस कलला की बापू दुकानाच्या फळ्या लावायचे, पाय धुऊन पाटावर बसायचे. आईनं तव्यावरची भाकर ताटात टाकली की ती पापुद्रा सुटताना फुसकन आवाज करायची, आणि बापू त्या आवाजालाही मान हलवायचे. तुरीचं वरण, हिंगाची फोडणी दिलेली कढी, चणाडाळीचे गोळे. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. आमची भांडी घासून पालथी पडायची तेव्हा शेजाऱ्यांच्या चुली नुकत्या पेटत असायच्या आणि त्यांच्या लसणाचा वास भिंतीवरून बिनबोभाट आमच्या अंगणात यायचा. मी तो छाती भरून घ्यायचे. वास घेण्याला काही बंदी नव्हती. गावात दिवे लागायचे, मधल्या खोलीतला आमचा बल्ब लागायचा, आणि तिथून झोपेपर्यंतचा तास-दोन तास कोणाचाच नसायचा. दुकानाचा नाही, देवळाचा नाही, शाळेचाही नाही. तो मी माझा करून टाकला. कोणाला विचारलं नव्हतं. विचारून काही मिळतं यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

त्या तासात काय करायचं ते अजितदादानं आणून दिलं. हा माझ्या मावशीचा मुलगा, अकोल्याचा. मुंबईला इंजिनिअरिंग शिकला, तिथे केस वाढवले, कॉलेजातल्या चार पोरांबरोबर गिटार वाजवली, आणि नोकरी लागल्यावर एका दिवसात केसही गेले आणि गिटारही. अकोल्याला त्याच्या वडिलांनी ते डबडं घरात घ्यायला नकार दिला. तेव्हा त्याला आमची आठवण झाली, कारण वाजणारी वस्तू बापू कधी परत पाठवत नाहीत हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. एका ओल्याचिंब सकाळी तो छोट्या गाडीनं वाशीम स्टेशनवर उतरला. बरोबर पत्र्याची एक लांबलचक ट्रंक. ट्रंकेत गिटार, सुटकेससारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेयर आणि पाच मोठ्या तबकड्या.

आईनं आधी गिटारीचा पट्टा बघितला. तो चामड्याचा होता. तिनं चुलीजवळचा चिमटा आणला, पट्टा चिमट्यात धरला आणि अंगणाबाहेर नेऊन ठेवला. मग तिची नजर तारांवर गेली. असल्या तारा आतड्याच्या असतात असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तसं असेल तर हे लाकूड एक क्षणही घरात राहणार नाही, असं तिनं जाहीर केलं. अजितदादा समजावू लागला, पण बापूंनी हातानं त्याला थांबवलं, सगळ्यात जाड तारेवर नखानं टिचकी मारली आणि मान तिरपी केली. ‘पोलाद आहे,’ ते म्हणाले. विषय संपला. दुसऱ्या दिवशी आईनंच तिच्या जुन्या इरकलीच्या काठाचा पट्टा शिवून दिला. लाल काठ, पिवळी बुंदी. पुढे आयुष्यात मी पुष्कळ गिटारी बघितल्या, पण इतका देखणा पट्टा कोणाच्या खांद्यावर बघितला नाही.

अजितदादानं मला हात कसा धरायचा ते दोन दिवस दाखवलं. जाताना म्हणाला की मुंबईचा एक मित्र ही गिटार मागतोय, त्याला त्यानं थांबायला सांगितलंय. ‘सहा महिन्यांनी येतो. एक गाणं निवड. जसंच्या तसं वाजवून दाखव. वाजवलंस तर गिटार तुझी. नाहीतर घेऊन जाईन, रडायचं नाही.’ मी म्हटलं, रडणार तू आहेस. सतरा वर्षांची होते. गणितात पहिली यायचे. जसंच्या तसं करणं हा माझा हातखंडा होता.

आता त्या तबकड्यांवरच्या लोकांविषयी. प्रवासात ट्रंकेत पाणी शिरलं होतं आणि तबकड्यांच्या खोळींचा लगदा झाला होता. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गाण्यांची नावं होती, पण गिटार कोण वाजवतो ते काही लिहिलेलं नव्हतं. मग मीच त्यांची बारशी केली. एकजण घणासारखे घाव घालायचा, आणि दोन घावांच्या मध्ये घण उचलायला लागते तेवढी नेमकी उसंत घ्यायचा. तो लोहार. एकाची प्रत्येक तार ठोकून झाल्यावरही घणघणत राहायची, तो कासार. एकजण मागे राहून तोच एक तुकडा गाणं संपेपर्यंत ओढत न्यायचा, पुढे कितीही आरडाओरडा होवो. तो गाडीवान. आणि एका खोळीच्या उरलेल्या तुकड्यावर फोटो होता, त्यात एका माणसानं गिटार उलट्या हाताला धरली होती. तो डावरा. तो वाजवताना गिटार हसते आहे की ओरडते आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याच्या वाटेला मी कधी गेलेही नाही. खरी नावं मला पुष्कळ वर्षांनी नातवानं सांगितली. मोठी माणसं आहेत म्हणे, जगभर त्यांचे फोटो लावतात. असतील. वाशीमला त्यांना हीच नावं होती आणि मला तीच पुरतात.

या लोकांची एक रीत मला फार आवडायची. गाण्याच्या सुरुवातीलाच पाच-सहा सुरांचा एक छोटा तुकडा वाजायचा आणि तोच फिरून फिरून यायचा. शब्द बदलायचे, ढोल वाढायचा, मध्ये कोणी लांब तान घ्यायचं, पण तुकडा आपल्या जागेवर परत. त्याला रिफ म्हणतात. मी फेरा म्हणायचे. शहाण्या माणसाला तो तुकडा कंटाळवाणा वाटेल, इतका साधा. पण चांगला फेरा करणं ही सोपी गोष्ट नाही. शंभर वेळा ऐकून एकशे एकाव्या वेळी तो हवासा वाटला पाहिजे, आणि ते त्या लोकांना साधलं होतं. मी लोहाराचा फेरा निवडला. अजितदादाच्या पाच तबकड्यांतला तो सगळ्यात जड फेरा होता.

बापूंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते दारात थबकले. ‘हे भांडं फुटकं आहे,’ म्हणाले. विजेच्या गिटारीचा तो फाटलेला, चरचरता आवाज त्यांच्या कानाला चीर गेलेल्या हंड्यासारखा लागला होता. मी सांगितलं की तसाच हवा असतो, मुद्दाम करतात. मुद्दाम भांडं फोडून वाजवणारी माणसं जगात आहेत हे बापूंना पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पितळेची एक पातळ पट्टी कापून आणली आणि माझ्या साध्या गिटारीच्या तारांखाली, पार टोकाला, अलगद सरकवली. मी तार छेडली आणि ती चरचरली. बापू खुशीत हसले. चोख माल विकणाऱ्या माणसानं जन्मात पहिल्यांदा खोटा आवाज घडवला होता.

सहा महिने मी रोज संध्याकाळी बसले. बोटांची टोकं आधी फुटली, मग बधिर झाली, मग भाकरीच्या कडेसारखी टणक झाली. एकच गोष्ट छळायची. काल तबकडीशी जुळवून ठेवलेली गिटार आज जुळायची नाही. कधी थोडी चढलेली वाटायची, कधी उतरलेली. मी हवेला दोष दिला, मग तारांना, मग मुंबईला. पावसाळा गेला, थंडी पडली, तरी रोज खुंट्या पिळायच्या आणि तबकडीच्या मागे मागे जायचं. एकदा बापू जपमाळ ओढता ओढता म्हणाले, ‘राजुल, तुही तार ठीक आहे. तबकडीच कमीजास्त होऊन राह्यली.’ मी हसले. मी म्हटलं, बापू, तबकडी म्हणजे काही माणूस आहे का, रोज वेगळं वागायला? ती छापलेली असते. बापू पुन्हा जपाला लागले. ज्या माणसानं तीस वर्षं टिचकीवर संसार केला त्याला मी कानाच्या गोष्टी शिकवत होते. आज आठवलं की मी स्वतःशीच जीभ चावते.

अजितदादा आला तेव्हा रानात गव्हाला पाणी देणं चालू होतं. तो सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघणार होता. दुपारी पेठेत शुकशुकाट असतो, म्हणून बापूंनी त्या दिवशी कायदा मोडायची परवानगी दिली. दुकानाची अर्धी फळी ओढली आणि गल्ल्याशेजारीच आम्हाला बसवलं. मी इरकली पट्टा खांद्यावर घेतला आणि लोहाराचा फेरा वाजवला. एकदाही बोट चुकलं नाही. घाव, उसंत, घाव. पुरा संपवला आणि अजितदादाकडे बघितलं. मला वाटलं होतं तो उठून माझे पाय धरेल.

तो म्हणाला, ‘चांगलं आहे. पण हे गाणं नाही.’

मी म्हटलं हेच आहे. तो म्हणाला की सूर त्या गाण्याचे आहेत, पण वाजवलंय प्रेतयात्रेसारखं, आणि तेही खालच्या पट्टीत. बोलाचाली नको म्हणून त्यानं प्लेयर मांडला आणि तबकडी लावली. आणि मी थंडच पडले. फेरा सुरू झाला तो पळत सुटला. वर, उजेडात, टणटणीत. मी माझ्या तारा छेडल्या तर एकही जुळेना. मग गाणारा गाऊ लागला. सहा महिने मी त्याला चाळिशीतला, जाड मानेचा पैलवान समजत होते. तो विशीतला पोरगा निघाला. मी म्हटलं, तू प्लेयर बिघडवलास. अजितदादानं मला चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं गिटार हळूच माझ्या हातातून घेतली, आईच्या काठाचा पट्टा सोडवून घडी करून माझ्या मांडीवर ठेवला, आणि ट्रंकेला दोरी बांधायला घेतली.

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आई पातोड्या थापत होती. तिनं बेसनाचा हात माझ्या पाठीवर ठेवला, आणि त्याचा डाग माझ्या निळ्या पोलक्यावर कायमचा राहिला. दुकानातून टिचक्यांचा आवाज येत होता. मला रागच आला. पोरीची गिटार चालली आहे आणि हे गिऱ्हाईक करत बसलेत. बाहेर डोकावले तर गिऱ्हाईक नव्हतं. बापू काशाच्या वाट्यांच्या मांडणीपुढे उभे होते आणि एकेक वाटी वाजवून ठेवत होते. अजितदादाला त्यांनी तबकडी पुन्हा लावायला सांगितली. एक लहान वाटी त्यांनी बाजूला काढली, मग शोधून एक मोठी काढली, आणि दोन्ही गल्ल्यावर शेजारी शेजारी मांडल्या.

मग ते म्हणाले, ‘अजित, आज गाडी सोड. जेवून घे, मंग बसू.’

मावसाजींना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. अजितदादा थांबला. सूर्य असताना जेवणं झाली. पातोडीचा रस्सा आईनं त्याच्यासाठी मुद्दाम झणझणीत केला होता, पण मी भाकर नुसती कुस्करत बसले. भांडी पालथी पडली. शेजारच्या लसणाचा वास आला. बापूंनी मधल्या खोलीतला बल्ब लावला. तो नेहमीसारखा लागला, म्हणजे आतली तार लालसर आणि उजेड पिकल्या लिंबासारखा. गावभर असेच बल्ब लागले होते आणि शिवारात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या होत्या. बापूंनी दोन्ही वाट्या पुढ्यात घेतल्या आणि लहान वाटीवर टिचकी मारली.

‘दुपारी तुही तबकडी या वाटीवर बसली होती. ऐकली न तू? आता लाव.’

अजितदादानं सुई टेकवली. फेरा सुरू झाला. जड, संथ, माझा. गाणारा पुन्हा पैलवान झाला. बापूंनी लहान वाटी वाजवली, तिचा सूर तबकडीच्या अंगावर खरचटल्यासारखा वाजला. मग मोठी वाजवली. तिचा सूर तबकडीत असा मिसळला की वाटी वाजते आहे हे कळायला मी बापूंच्या बोटाकडे बघितलं.

‘वाटी दुपारी जशी वाजते तशीच संध्याकाळी वाजते,’ बापू म्हणाले. ‘तबकडी नाही वाजत. बल्ब पिवळा झाला की थेही थकते. मी सांगतलं होतं इले. पण मायं कोण ऐकते?’

अजितदादा इंजिनिअर होता. त्यानं तबकडीच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि मिनिटभर तबकडीचे वळसे मोजले. तेहतीस व्हायला पाहिजेत, तो म्हणाला, एकोणतीसच भरले. पुन्हा मोजले. पुन्हा तेच. गावभर दिवे लागले की विजेचा दाब उतरतो आणि प्लेयर हळू फिरतो, तो म्हणाला. मग तो स्वतःशीच हसू लागला. त्यानं ट्रंकेची दोरी सोडली, गिटार काढून माझ्यापुढे धरली. मी तबकडीबरोबर वाजवलं. घाव, उसंत, घाव. कुठं केसाची फट नव्हती. संपल्यावर तो आईकडे वळून म्हणाला, ‘मावशी, मी जसंच्या तसं म्हणालो होतो. हिनं वाशीमची लाइटसुद्धा जशीच्या तशी वाजवली. तो पट्टा परत लावा.’

आणि मी रडले. जिंकल्यावर रडले, म्हणून सगळे हसले. पण मला त्या घडीला गिटारीचा आनंद नव्हता. मला एवढंच दिसत होतं की सहा महिने मी ज्या लोहारापुढे रोज बसले तो लोहार जगात कुठंच नव्हता. तो फक्त आमच्या मधल्या खोलीत, दिवे लागल्यावर असायचा. खरा लोहार दुपारी बघितला तो कोणी भलताच चपळ पोरगा होता, आणि त्याची माझी ओळखही नव्हती. मी म्हटलं, मला परत शिकायचंय. खरं गाणं. आत्ता. आई म्हणाली की उद्या दुपारी बस, गिऱ्हाईक नसलं म्हणजे. दुपारचा अर्धा तास त्या दिवशी मला कायद्यानं मिळाला आणि पुढे मी तो कधी सोडला नाही. लग्नानंतर अमरावतीला मी तीस वर्षं मुलांना गिटार शिकवली. खऱ्या वेगात शिकवली. मात्र नवीन मुलाला पहिला फेरा मी अजूनही वाशीमच्या वेगानं देते. चूक लपवायला जागा राहत नाही. एकोणतिसात ज्याचा घाव नीट पडतो त्याचा तेहतिसात पडतोच, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

पण त्या संध्याकाळी मला उद्यापर्यंत दम नव्हता. मी सुई पुन्हा तबकडीच्या सुरुवातीला नेऊन ठेवली, जणू या खेपेला ती ऐकेल. फेरा सुरू झाला, तसाच जड. बापू थोडा वेळ ऐकत बसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मधल्या खोलीतला बल्ब बंद केला. स्वयंपाकघरात गेले आणि तिथला बंद केला. घरात तेवढेच दोन होते.

आई तांदूळ निवडत होती, ती अंधारातून म्हणाली, ‘आता हे काहून?’

‘पोरीच्या तबकडीले जाऊ दे थोडी लाइट,’ बापू म्हणाले.

अजितदादा म्हणाला, ‘मावसाजी, अख्ख्या गावाचे दिवे लागलेत. दोन बल्बांनी काय होणार?’

बापू भिंतीला टेकून बसले, मान तिरपी केली. तबकडी काही जलद झाली नाही. मला ते कळत होतं, बापूंना तर माझ्याआधी कळलं असणार. तरी त्या दिवसापासून माझं लग्न होईपर्यंत, संध्याकाळी मी सुई टेकवली की बापू उठायचे आणि घरातले दोन्ही बल्ब बंद करून यायचे.